गुरू करायचा म्हणतेस ना?

अगं, तुझा मेसेज वाचला. मन कशातच लागत नाही, कुणीतरी गुरू करावा म्हणतेस, आणि वर मलाच विचारतेस की ताई, ओळखीत कुणी आहे का! ओळखीत असायला तो काय प्लंबर आहे? बरं, चेष्टा पुरे. तू पाठवलेली शिबिराची लिंकही बघितली. तीन दिवस, नदीकाठ, मौन, सात्त्विक जेवण आणि खाली बारीक अक्षरात फी. जायचंच असेल तर जा, मी आडवी येणार नाही. तीन दिवस कुणी आयतं ताट वाढून दिलं तरी बायकांचं अर्धं दुखणं पळतं, हे मला ठाऊक आहे. फक्त पैसे भरण्याआधी मी सांगते ते ऐकून घे.

‘दत्ताचे चोवीस गुरू’ हे आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते चोवीस कोण, हे विचारायचं सुचलंच नाही. दर गुरुवारी आरती केली, दत्तजयंतीला सुंठवडा खाल्ला, गुरूंची यादी पोथीतच राहिली. ती आहे भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्यापासून नवव्यापर्यंतच्या तीन अध्यायांत. कृष्ण उद्धवाला एक जुनी गोष्ट सांगतो. यदू राजाला एक तरुण अवधूत भेटला. घर नाही, दार नाही, कामधंदा नाही, आणि चेहरा मात्र आनंदानं फुललेला. राजानं विचारलं, बाबा रे, तू एवढा मजेत कसा? भागवतात त्याला नुसता अवधूत म्हटलंय, पण आपल्याकडे तो दत्तच, यात कुणाला शंका नसते. मूळ संस्कृत तुला जड जाईल. एकनाथांनी मात्र आपली सोय करून ठेवलीय. अख्ख्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका, पैठणला सुरू केलेली आणि १५७३ मध्ये काशीत पुरी झालेली, अठरा हजारांवर ओव्या. तू घाबरू नकोस, तुला तीनच अध्याय वाचायचेत. सार्थ प्रत घे.

आणि ती यादी नीट बघ. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. मग कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढून नेणारा, हरीण, मासा, पिंगला नावाची वेश्या, कुरर पक्षी, लहान मूल, लग्नाची मुलगी, बाण करणारा कारागीर, साप, कोळी आणि शेवटी कुंभारीण माशी. झाले चोवीस.

आता यात ऋषी शोध. पंडित शोध, मठाधिपती शोध. एक सापडेल तर शपथ. माणसं आहेत ती अशी: दारात गिऱ्हाइकाची वाट बघणारी बाई, साळी कांडणारी पोर, बाण घासत बसलेला कारागीर, पोळं उतरवणारा आणि खेळणारं मूल. यातल्या एकालाही आपण कुणाचे गुरू झालो याचा पत्ता नाही. अजगराला तर जन्मभर कळलं नसेल. कुणी दीक्षा दिली नाही, मंत्र दिला नाही, फी तर नाहीच. शिकण्याचं सगळं काम त्या पोरसवदा अवधूतानं स्वतःच केलं. या प्रकरणाचं मला जे वेड आहे ते एवढ्यासाठीच. आपण चांगला शिकवणारा मिळेल का म्हणून वणवण करतो. त्याला शिकवणारा कुणी मिळालाच नाही, तरी त्याचं काही अडलं नाही.

शिवाय यातले कितीतरी गुरू चक्क फसलेले आहेत. पतंग दिव्यावर जळून जातो, मासा गळाला लागतो, हरीण गाण्याला भुलून मरतं. त्यांच्याकडून शिकायचं ते ‘असं करू नये’ एवढंच. म्हणजे तुझ्या ऑफिसातल्या ज्या बाईंबद्दल तू मला रात्री साडेदहाला फोन करून रडतेस, त्यांनाही यादीत घालायला जागा आहे, बघ.

पतंग आणि हत्ती वाचताना तुझं डोकं फिरणार, म्हणून आधीच सांगून ठेवते. तिथं पुरुषाला नादी लावणारी ‘स्त्री’ हाच दिवा आणि हत्तीण हाच सापळा. हे सगळं रानावनात फिरणाऱ्या पुरुष संन्याशाला उद्देशून लिहिलंय, त्याच्या भीती त्यात उतरल्यात. मला ते पटत नाही आणि पटवून घ्यायची गरजही वाटत नाही. तू तिथं बाईच्या जागी तुझा मोबाइल ठेव आणि पुन्हा वाच. अकरा वाजता ‘एकच रील’ म्हणून उघडलेला. दृष्टांत कसा चपखल बसतो बघ.

मधमाशीकडून अवधूतानं जे घेतलं त्यातल्या दोन गोष्टी सांगते. एक, थोडं थोडं अनेक ठिकाणांहून घ्यावं, म्हणजे कुणा एका घरावर भार पडत नाही. दुसरी, साठवू नये, कारण साठवलेलं पोळं दुसराच येऊन नेतो. दुसरी मी बाजूला ठेवली. साधूचं ठीक आहे, तुम्हाला घराचा हप्ता आहे, सासऱ्यांची औषधं आहेत. साठवायला तर पाहिजेच. शिवाय मध नेणारेही सगळे लुटारू नसतात. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. अशा ठिकाणी सातेरी माश्या लाकडी पेटीत पाळतात. खालच्या कप्प्यात पिल्लं, वरच्यात मध. वरच्या चौकटी तेवढ्या काढायच्या, हातानं फिरवायच्या यंत्रात घालायच्या, गरगर फिरवलं की मध बाहेर पडतो आणि रिकामं पोळं जसंच्या तसं परत पेटीत. धूर करून, अख्खं पोळं पिळून, पिल्लांसकट मध काढायची जुनी रीत वेगळी आणि ही वेगळी. भागवतातल्या मध काढणाऱ्याला हे यंत्र ठाऊक असतं तर गुरूंचा आकडा कदाचित पंचवीस झाला असता.

पण पहिली गोष्ट तू घेच. तुझं काय होतं सांगू? तुला ऐकून घेणारा माणूस हवा, हसवणारा हवा, पुस्तकावर बोलणारा हवा, आणि ‘तू किती थकलीस गं’ म्हणणाराही हवा. हे सगळं तू एकट्या नवऱ्याकडून काढायला बघतेस. तो बिचारा साधा माणूस आहे. गॅसचं सिलिंडर न सांगता बदलतो, तापात रात्रभर उशाशी बसतो, पण कवितेबद्दल त्याच्याशी बोलशील तर जांभई देणारच. कवितेचं त्या शाळेतल्या मैत्रिणीशी बोल. रडायचं माझ्याकडे रड. त्याच्यापाशी जे आहे ते त्याच्याकडून घे आणि पुढच्या फुलावर जा. (हे वाक्य त्याला वाचून दाखवू नकोस, भलताच अर्थ काढेल.)

आता त्या लग्नाच्या मुलीचं सांगते. चोवीसांत मला सगळ्यांत जवळची तीच.

घरात मोठं कुणी नाही आणि अशात तिला बघायला पाहुणे आले. तिनंच पुढं होऊन त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग जेवायला घालायचं तर घरात कांडलेला तांदूळ नाही. आत जाऊन तिनं उखळात साळी घातल्या आणि मुसळ उचललं. मनगटात शंखाच्या बांगड्या. प्रत्येक घावाला खळ्ळकन वाजायला लागल्या. बाहेर सगळं ऐकू जाणार. मुलीला स्वतः कांडावं लागतंय म्हणजे घरात काही नाही, असं पाहुण्यांना वाटणार. लाजेनं ती मेल्याहून मेली. मग एकेक करून तिनं बांगड्या उतरवल्या, दोन्ही हातांत दोन-दोन ठेवल्या. पुन्हा मुसळ उचललं. त्या दोन्हीही एकमेकींवर आपटून वाजल्या. मग तिनं आणखी एकेक काढली. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. आवाज थांबला.

अवधूत हे बघत होता. त्यानं ठरवलं, फार जण एकत्र असले की भांडण, दोघं असले तरी बोलणं होतंच, तेव्हा एकट्यानं फिरावं. त्याच्या वाटेला ते योग्यच. पण मला वाटतं, तो जरा लवकर उठून गेला. तो गेल्यावर तिथं काय झालं असेल? त्या पोरीनं पुन्हा मुसळच उचललं ना! पाहुणे बाहेर होतेच, साळी उखळात होत्याच, पोटं भरायची राहिलीच होती. ती रानात गेली नाही, दार लावून बसली नाही. स्वयंपाकाच्या धांदलीत, पाहुणे बसलेले असताना, तिनं फक्त वाजणारं काय आहे ते हुडकलं आणि तेवढंच बाजूला काढून ठेवलं. आणि सगळ्या काढल्या नाहीत हेही बघ. एकेक ठेवलीच. आपल्यासारख्या घर-ऑफिसवाल्या बायकांसाठी गोष्ट इथं आहे, आणि ती अवधूतानं आपल्यासाठी सोडून दिली, असं मी समजते.

तुझ्या मनगटात काय काय वाजतंय ते मोज एकदा. ऑफिसचे ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, पोरांच्या वर्गाच्या आयांचा ग्रुप ज्यात रात्री बारापर्यंत प्रोजेक्टच्या थर्माकोलवर चर्चा चालते, मनगटावर थरथरणारं घड्याळ, आणि आता ‘मन शांत करायचं’ ॲप, तेही दर दोन तासांनी टिंग करतं. सगळं एका दिवसात काढून टाकू नकोस, परवा दुप्पट घालून बसशील. तिनंही आधी दोन ठेवून पाहिल्याच की. एक काढ, आठवडाभर काम कर, आणि अजून काय वाजतंय त्याकडे कान दे. सकाळी कणीक मळताना कानातलं ते बोंडुक काढून ठेव. नव्या गव्हाला पाणी किती लागतं, कणीक केव्हा हाताला चिकटायची थांबते, एवढंच बघ. माझं ध्यान म्हणशील तर तेवढंच आहे, आणि शेवटी पोळ्याही मिळतात.

पिंगलेचं थोडक्यात सांगते. विदेह नगरीतली ती. कुणी पैसेवाला येईल म्हणून नटूनथटून दारात उभी, आत जाते, पुन्हा बाहेर येते, अशी मध्यरात्र झाली. मग तिचं तिलाच उमगलं, वाट बघणं सोडलं, आणि ती आत जाऊन गाढ झोपली. तुझ्या प्रमोशनच्या पत्राची आठवण झाली मला. दर पंधरा मिनिटांनी मेल उघडून बघतेस ना? प्रयत्न सोड म्हणत नाही गं. झोप तेवढी सोडू नकोस.

कुरर पक्ष्याच्या चोचीत मांस होतं म्हणून बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्यानं मांस टाकलं, ते सगळे तिकडे धावले, हा मोकळा झाला. हे वाचलं की मला आपली मावशी आठवते. आजीच्या मोहनमाळेवरून घरात काय रामायण झालं होतं, तू लहान होतीस. एक दिवस मावशी म्हणाली, ‘घेऊन जा बाई, मला ती गळ्याला टोचते,’ आणि विषय संपला. टोचतबिचत काही नव्हती, तिला ती माळ हवी होती. पक्ष्यालाही भूक लागलेलीच होती की. पण म्हणून दिसेल तिथं सोडत सुटू नकोस. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती कायद्यात २००५ मध्ये झाली, ती काही या पक्ष्याची गोष्ट ऐकवून बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सही घेता यावी म्हणून नव्हे. भावांना बरोब्बर अशाच वेळी अध्यात्म आठवतं. जीव नकोसा करणारी माळ सोडावी, पोटाचं शेत सोडू नये.

आता एक गंमत. शेवटचा गुरू कुंभारीण माशी. खिडकीच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या पट्टीवर चिखलाचं घर करते ती. जुन्या लोकांनी काय पाहिलं? माशी एक अळी उचलून आणते, मातीच्या घरात कोंडते, आणि काही दिवसांनी त्यातून माशीच बाहेर पडते. त्यांनी म्हटलं, अळीनं भीतीनं का होईना, रात्रंदिवस माशीचंच ध्यान केलं म्हणून तीच माशी झाली. आपल्या संतसाहित्यात हा दृष्टांत ठिकठिकाणी भेटतो. खरा प्रकार मात्र क्रूर आहे. माशी अळीला डंख मारून लुळी करते, मरू देत नाही, म्हणजे ती ताजी राहते. त्याच घरात तिनं स्वतःचं अंडंही घातलेलं असतं, मग ती दार लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं. बाहेर पडते ती माशीची लेक, अळी केव्हाच संपलेली असते. माणसाचं मन ज्याचा ध्यास घेतं तसं होत जातं, हे मला अनुभवानं पटतं. पण त्याला या माशीची साक्ष काढू नये. याउलट कोळी बघ. स्वतःतून धागा काढतो आणि पुन्हा गिळतो, असं भागवतात आहे आणि ते शब्दशः खरं आहे. बागेत गोल जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्यातूनच नवं विणतात. तेव्हा शिबिरात कुणी व्यासपीठावरून ‘निसर्ग आपल्याला शिकवतो’ म्हणालं की मान डोलवण्याआधी विचार, कुठला निसर्ग, कुणी पाहिला?

कारण निसर्ग गोड बोलून शिकवतो असंही नाही. समुद्र पावसाळ्यात नद्यांनी फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही, तसं सुखदुःखात राहावं, असं अवधूत म्हणतो. आपण नदीकाठची माणसं, आपली नदी फुगते आणि चांगली फुगते. नृसोबाच्या वाडीला पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी दत्ताच्या देवळात शिरतं, पुजारी उत्सवमूर्ती वर हलवतात. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा. लोक लांबलांबून त्या पाण्यात स्नानाला येतात. पूर ओसरला की गाळ उपसायचा, फरशी धुवायची, आणि पूजा पुन्हा खाली. देवळात पूर येणार हे धरूनच तिथली रीत बसलीय, आणि हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त सांगून जातं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच पाणी सोहळ्यावर थांबलं नाही. शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं रिकामी करावी लागली, गोठ्यातली जनावरं गेली, उभा ऊस कुजला. त्या आठवड्यात कुणी मला ‘निसर्गापुढे नम्र व्हा’ असं ऐकवायला आलं असतं, तर मी त्याच्या हातात खोरं दिलं असतं.

तर तुला काय सांगत होते? चोवीसच्या चोवीस गुरू एकदम करायला जाऊ नकोस. आत्ता तुझं दुखणं कुठलं ते बघ आणि त्याला लागू पडेल असा एकच उचल. माझ्या मते तुझ्यासाठी बांगड्यांवाली पोर बरी, पण तुला बाण करणारा आवडेल बहुतेक. राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला कळलं नाही, बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गुंतला होता. तू शाळेत चित्रं काढताना अशीच बसायचीस, आई हाका मारून दमायची. रंगांची ती पेटी अजून माळ्यावर आहे. पुढच्या खेपेला घेऊन जा. शिबिराला गेलीस तरी चालेल, तीन दिवसांच्या मौनात एकाच गुरूबद्दल विचार करत बस. फी तरी वसूल होईल.

कपोताबद्दल मात्र मी काही सांगत नाही. पिल्लं शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकली, त्यांच्यामागे आई गेली, तिच्यामागे बाप गेला. फार माया केली की असं होतं, म्हणे. दोन पोरांच्या आईला हे वाचून काय वाटायचं ते वाटतं. तू वाच, मग फोनवर भांडू.

आणि हो, त्यावरून आठवलं. तुझ्या बाल्कनीला कबुतरांची जाळी बसवायला माणूस येणार म्हणालीस ना? आधी एसीच्या मागे घरटं नाही ना, ते बघ. अंडी किंवा पिल्लं असली तर त्याला पुढची तारीख दे. अंड्यातून बाहेर आली की महिना-सव्वा महिन्यात उडून जातात ती. आणि तिथली घाण कोरडी झाडू नकोस, ती धूळ छातीला वाईट. आधी पाणी मार, तोंडाला मास्क बांध, मग काढ.